कॅडमियम-१०७ साठी आयनांची जोडी ठरवताना

आम्हाला कॅडमियम-१०७ हे अणुकेंद्रक हवे होते, आणि तेही प्रचंड वेगाने फिरत असलेले. निसर्गात ते मिळत नाही. त्याचे अर्धायुष्य जेमतेम साडेसहा तासांचे आहे, त्यामुळे दुसऱ्या दोन अणुकेंद्रकांची टक्कर घडवून ते तयार करावे लागते. आम्हाला त्याच्यात रस होता तो त्याच्या प्रोटॉनांमुळे. कॅडमियममध्ये ४८ प्रोटॉन असतात, म्हणजे ५० या जादूई संख्येला (जिथे प्रोटॉनांचा एक थर पूर्ण भरतो) दोन कमी, आणि या दोन रिकाम्या जागांचे कोनीय संवेग एकमेकांच्या अगदी विरुद्ध दिशांना रोखलेले असू शकतात. केंद्रकाचे फिरणे वाढत गेले की ते दोन्ही संवेग कात्रीच्या पात्यांसारखे मिटत मिटत मधल्या न्यूट्रॉनांच्या संवेगाकडे कलतात. फ्राउएनडॉर्फ यांनी मांडलेल्या या कल्पनेला ‘अँटिमॅग्नेटिक रोटेशन’ म्हणतात आणि शेजारच्या कॅडमियम-१०६ मध्ये तिचा पुरावा आधीच मिळालेला होता. पाती मिटू लागली की केंद्रकाची चतुर्ध्रुवी गॅमा संक्रमणे क्षीण होत जातात. ती खरोखर क्षीण होतात का हे पाहायचे, तर एकेका ऊर्जापातळीचे आयुर्मान मोजावे लागते, आणि ही आयुर्माने पिकोसेकंदाच्याही, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही, खाली असतात. आयन कोणते निवडायचे या प्रश्नाचे आमचे उत्तर शेवटी या आयुर्मानांनीच ठरवले; पण हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

मी तेव्हा संशोधक विद्यार्थिनी होते. प्रयोग मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉनवर व्हायचा होता. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा हा संयुक्त त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. पुढे २००७ मध्ये त्याला अतिसंवाहक रेषीय त्वरकाची जोड मिळाली. देशातल्या संशोधकांचा सामाईक गॅमा शोधक-संच, ज्याला सगळे नुसते ‘इंगा’ म्हणतात, तो मुंबई, दिल्ली आणि कोलकाता असा फिरत असतो आणि त्या वेळी तो मुंबईत होता. त्यामुळे कुठे आणि कशाने मोजायचे हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो कशावर काय आदळायचे याचा.

कागदावर तो सोपा वाटतो. दोन केंद्रके एकमेकांत पूर्ण विलीन झाली की एक तापलेले संयुक्त केंद्रक तयार होते, ते काही न्यूट्रॉन बाहेर टाकून थोडे निवते आणि उरलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने सोडते. आपण कोणत्या जोडीतून जन्मलो हे संयुक्त केंद्रकाला आठवत नाही, अशी कल्पना नील्स बोर यांनी १९३६ मध्ये मांडली होती. १९५० मध्ये एस. एन. घोषाल यांनी प्रोटॉन-तांबे आणि अल्फा-निकेल अशा दोन वेगळ्या वाटांनी झिंक-६४ हेच संयुक्त केंद्रक बनवून ती तपासली. त्यामुळे माझे काम सुरुवातीला निव्वळ बेरजेचे होते. पाच न्यूट्रॉन उडून जायचे, तर आधी कॅडमियम-११२ तयार व्हायला हवे. म्हणजे अशी जोडी हवी, जिच्या प्रोटॉनांची बेरीज ४८ आणि वस्तुमानांकांची बेरीज ११२ होईल.

पाचच न्यूट्रॉन का, हे मार्गदर्शकांनी मला पहिल्याच बैठकीत विचारले होते. ऑक्सिजन-१६ आणि झिर्कोनियम-९४ या सहज मिळणाऱ्या जोडीतून कॅडमियम-११० बनते. त्यातून तीनच न्यूट्रॉन गेले तरी आम्हाला हवे ते केंद्रक उरते. पण तीन न्यूट्रॉनांवर थांबायचे, तर टक्कर विद्युत प्रतिकर्षणाच्या अडथळ्याच्या जेमतेम वर ठेवावी लागते आणि तेवढ्या ऊर्जेत केंद्रकाला फारसे फिरवता येत नाही. जितके जास्त न्यूट्रॉन उडवायचे तितकी जास्त ऊर्जा आत ओतावी लागते, आणि तिच्याबरोबर कोनीय संवेगही येतो. आम्हाला फिरणेच पाहायचे होते, म्हणून पाच.

बेरजेची यादी मी एका संध्याकाळी उत्साहाने तयार केली. कार्बन-१२ आणि मॉलिब्डेनम-१००. ऑक्सिजन-१६ आणि झिर्कोनियम-९६. ऑक्सिजन-१८ आणि झिर्कोनियम-९४. सिलिकॉन-३० आणि सेलेनियम-८२. गंधक-३६ आणि जर्मेनियम-७६. कॅल्शियम-४८ आणि निकेल-६४. या साऱ्यांची बेरीज तंतोतंत ४८ आणि ११२ येते. अर्गॉन-४० आणि झिंक-७० ही जोडीही मी लिहिली होती. तिच्यातून कॅडमियम-११० बनते आणि तीन न्यूट्रॉन गेले की काम होते, असा विचार त्यामागे होता. सरांनी यादीवर नजर टाकली आणि अर्गॉनवर काट मारून म्हणाले, “अगं, हे आधी खाली जाऊन आयन स्रोतवाल्यांना दाखव.”

पेलेट्रॉन हा टँडेम जातीचा त्वरक आहे. उंच उभ्या टाकीत, सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूच्या आवरणात, मधोमध लाखो व्होल्ट धन विभवाचे टर्मिनल असते. वरच्या टोकाकडून ऋण आयन आत सोडतात. टर्मिनल त्यांना ओढून घेते, तिथल्या कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात आणि आता धन झालेल्या आयनांना तेच टर्मिनल खाली ढकलते. एकाच विभवाचा असा दोनदा फायदा मिळतो, पण अट एकच: सुरुवात ऋण आयनानेच करावी लागते. अर्गॉन, क्रिप्टॉन यांसारख्या निष्क्रिय वायूंचा ऋण आयन टिकत नाही, त्यामुळे हे बीम टँडेमला वर्ज्य. नायट्रोजनचाही सुटा ऋण आयन टिकत नाही. त्याला कार्बनबरोबर सायनाइडच्या रेणूत बसवून आत पाठवतात आणि पापुद्र्यावर रेणू फुटला की वेगळे करतात. कोणते मूलद्रव्य बीम म्हणून मिळेल याचा पहिला निकाल रसायनशास्त्र देते, केंद्रकीय भौतिकी नव्हे. पाठ्यपुस्तकांत टकरीची समीकरणे पानोपानी असतात. हे मात्र त्यांत क्वचितच भेटते.

यादीतल्या शेवटच्या दोन जोड्या तिथेच गळाल्या. गंधक-३६ निसर्गातल्या गंधकात टक्क्याच्या एक-दोन शतांशांएवढाच असतो. कॅल्शियम-४८ कॅल्शियममध्ये ०.१९ टक्के असतो, त्याची किंमत अफाट असते, शिवाय कॅल्शियमचा ऋण आयन सरळपणे मिळत नसल्याने त्याचा हायड्राइड वापरावा लागतो. अतिजड मूलद्रव्यांच्या शोधात रशियातल्या दुबना येथे बराच काळ कॅल्शियम-४८ वापरत आले, कारण तिथे त्याला पर्यायच नव्हता. आम्हाला पर्याय होते.

माझे मन बसले होते सिलिकॉन-३० आणि सेलेनियम-८२ वर, आणि त्याला सबळ कारण होते. पिकोसेकंदापेक्षा लहान आयुर्मान मोजण्याची पद्धत अशी: टार्गेटच्या मागे सोन्याचा जाड पत्रा लावायचा, टक्करीतून तयार झालेले केंद्रक पुढे उसळून त्या सोन्यात शिरते आणि हळूहळू थांबते. गॅमा किरण थांबण्यापूर्वी निघाला तर डॉप्लर परिणामामुळे त्याची ऊर्जा सरकलेली दिसते, थांबल्यावर निघाला तर जागच्या जागी. वर्णपटातल्या शिखराच्या आकारावरून आयुर्मान काढता येते. यात केंद्रक जितक्या वेगाने उसळेल तितके सरकणे स्पष्ट. कार्बनच्या बीमने कॅडमियमला प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे १.३ टक्के वेग मिळतो, ऑक्सिजनने सुमारे १.७ टक्के, तर सिलिकॉनने सुमारे २.५ टक्के. कोनीय संवेगही सिलिकॉनने जास्त मिळतो. माझ्या ढोबळ गणितात ऑक्सिजनसाठी ४७ च्या आसपास आणि सिलिकॉनसाठी ५२ च्या आसपास क्वांटम एकके येत होती. याहून मोठा फायदा म्हणजे सोन्याचा पत्रा या बीमपुढे मुका राहतो. सिलिकॉनला सोन्याच्या केंद्रकात शिरायला सुमारे १५० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा लागते आणि आमचा बीम १२२ च्या आसपास असणार होता, त्यामुळे पत्र्यातून नको असलेले गॅमा किरण फारसे आलेच नसते.

टार्गेट प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ बाईंना मी हे सगळे सांगितले. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले आणि मग विचारले, “सेलेनियम? सोन्यावर? आणि बीम लागल्यावर ते जागेवर राहील असं तुला कुणी सांगितलं?” सेलेनियम सुमारे २२० अंश सेल्सियसला वितळते आणि निर्वातात त्याच्या बऱ्याच आधीपासून उडू लागते. काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर अखंड बीम पडत राहिला की टार्गेट पातळ होत जाणार. वरून सोन्याचा किंवा कार्बनचा पातळ थर देऊन ते झाकता येते आणि साध्या वर्णपटासाठी तसे करतातही. पण आमच्या मोजमापाला सेलेनियम आणि सोने एकमेकांना घट्ट चिकटलेले हवे होते. दोघांमध्ये सूक्ष्म फट पडली, तर केंद्रक त्या फटीत न थांबता उडत राहील आणि आपण काढलेले आयुर्मान सपशेल चुकेल, तेही वर्णपटात कुठेही डोळ्याला न दिसता. हा मुद्दा मला पटला. जे बिघडल्याचे कळते ते परवडते. जे गुपचूप बिघडते ते प्रयोगात आणू नये.

कार्बन आणि मॉलिब्डेनम ही जोडी दुसऱ्या टोकाची. कार्बनचा ऋण आयन अगदी सहज आणि भरपूर मिळतो; पापुद्र्यावर त्याचे सगळे इलेक्ट्रॉन झाडून सहा धन भार मिळवता येतो आणि ११.८ दशलक्ष व्होल्टवर लागणारी ८२ एमईव्ही ऊर्जा हाती येते. मॉलिब्डेनम-१०० निसर्गातल्या मॉलिब्डेनममध्ये जवळजवळ १० टक्के असते, म्हणून समृद्ध नमुना मिळवणे तुलनेने सोपे. कोनीय संवेगही ऑक्सिजनपेक्षा थोडासाच कमी. अडले ते सोन्याने. कार्बनला सोन्यात शिरायला सुमारे ६२ एमईव्ही पुरतात. बीम ८२ चा. म्हणजे टार्गेटमधून पार झालेला बीम मागच्या पत्र्यात जाऊन जोमाने ॲस्टॅटाइन बनवत बसणार आणि त्याचे गॅमा किरण आमच्या क्षीण शिखरांच्या अंगावर येऊन पडणार. उसळण्याचा वेगही सगळ्यांत कमी. आयुर्मानांच्या प्रयोगासाठी ही जोडी बाद झाली.

उरल्या ऑक्सिजनच्या दोन जोड्या, आणि निवडीतला सर्वांत चमत्कारिक भाग इथे आला. ऑक्सिजन-१६ वर झिर्कोनियम-९६ घ्या किंवा ऑक्सिजन-१८ वर झिर्कोनियम-९४. दोन्हींचे संयुक्त केंद्रक तेच, लागणारी बीम-ऊर्जा ९० एमईव्हीच्या आसपासची, कोनीय संवेग जवळजवळ सारखा, सोन्याचा अडथळाही सारखाच, सुमारे ८३ एमईव्हीचा, म्हणजे बीम त्याच्या थोडासाच वर. भौतिकीने हात वर केले होते. फरक इतकाच की दुर्मीळ वस्तू एका जोडीत टार्गेटमध्ये होती आणि दुसरीत बीममध्ये. ऑक्सिजनच्या सुमारे पाचशे अणूंत एक ऑक्सिजन-१८ असतो. झिर्कोनियममध्ये ९४ चे प्रमाण १७.४ टक्के, तर ९६ चे २.८ टक्के.

आयन स्रोत सांभाळणारे गृहस्थ साहजिकच पहिल्या जोडीच्या बाजूचे होते. “मॅडम, १८ च का? १६ देतो की, पाहिजे तेवढा,” असे ते मला प्रत्येक भेटीत म्हणत. त्यांचे म्हणणे समजण्यासाठी स्रोत डोळ्यांसमोर आणावा लागेल. ऑक्साइडची भुकटी, विद्युतवहन नीट व्हावे म्हणून चांदीच्या भुकटीत मिसळून, तांब्याच्या छोट्या कॅथोडच्या काही मिलिमीटरच्या भोकात दाबून भरतात. तिच्यावर सीझियमचे आयन आदळवले की पृष्ठभागावरचे अणू उडतात आणि सीझियमकडून एकेक इलेक्ट्रॉन उचलून ऋण होतात. साधे ऑक्साइड भरले तर ऑक्सिजन-१६ चा बीम दिवसरात्र धो-धो मिळतो. त्याच भुकटीतून चुंबकाने वस्तुमान १८ वेगळे काढले तर पाचशेपट कमी, आणि पुढे त्वरकातून जाताना होणारी गळती सोसून टार्गेटवर जे पोहोचेल ते आमच्या गरजेला पुरत नव्हते. आम्हाला एक-दोन पार्टिकल-नॅनोअँपिअर लागणार होते. एक म्हणजे सेकंदाला सुमारे ६ अब्ज आयन. त्यासाठी ऑक्सिजन-१८ ने समृद्ध केलेले ऑक्साइड भरावे लागते, कॅथोड झिजला की ते संपते आणि नवे भरेपर्यंत काम खोळंबते.

तरीही मी १८ च्या बाजूने होते. समृद्ध समस्थानिके मिलिग्रॅमच्या भावाने विकत घ्यावी लागतात, आणि टार्गेट बनवताना त्यातली बरीच वाया जातात. झिर्कोनियमचा पत्रा लाटताना तो कडक होतो, मधूनमधून निर्वातात तापवून मऊ करावा लागतो, कडा तडकतात, तडकलेल्या कडा कापाव्या लागतात. हाती लागतो तो नखाएवढा तुकडा, चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास जाडीचा. झिर्कोनियम-९६ मागवायचे तर परदेशी मागणी, आगाऊ पैसे, आणि कागदपत्रे कोणत्या टेबलावर अडतील याचा भरवसा नाही. शिवाय २.८ टक्क्यांपासून सुरुवात करून उच्च शुद्धता गाठणे अवघड. नमुन्यात उरलेल्या झिर्कोनियम-९० वरही बीम आदळणार आणि नको ती केंद्रके बनणार. उलट झिर्कोनियम-९४ आमच्या गटाच्या कपाटात पडून होते. जुन्या एका प्रयोगातून उरलेला तुकडा, डब्यावर कोणाच्या तरी तिरप्या अक्षरात वजन आणि शुद्धता लिहिलेली. एवढी वर्षे डेसिकेटरमध्ये राहूनही तो चकचकीत होता.

प्रस्तावात अर्थातच कपाट असा शब्द नव्हता. तिथे समस्थानिकीय शुद्धता, उपलब्धता आणि पार्श्वभूमीतले गॅमा किरण असे रीतसर मुद्दे होते, आणि ते सगळे खरेही होते. छाननी समितीतल्या एका सदस्यांनी अपेक्षेप्रमाणे कार्बनबद्दल विचारले. सोन्याच्या अडथळ्याचे आकडे फळ्यावर मांडल्यावर त्यांचे समाधान झाले. सिलिकॉनबद्दल कोणीच विचारले नाही, याचे मला थोडे वाईट वाटले.

आयनांची जोडी ठरली तरी निवड संपलेली नसते; त्यातला कोणता आयन, हेही ठरवावे लागते. कार्बनच्या पापुद्र्यातून बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनवर सहा धन भार असण्याची शक्यता सर्वांत जास्त, सात असण्याची कमी. सहाचा भार घेतला तर बीम भरघोस मिळतो, पण ९० एमईव्ही गाठायला टर्मिनल जवळजवळ १२.८ दशलक्ष व्होल्टवर न्यावे लागते. सात घेतला तर ११.२ पुरतात. जास्त विभवाला यंत्रात ठिणगी पडून विभव कोसळण्याचा धोका वाढतो आणि पुन्हा बीम जुळवण्यात रात्र निघून जाते. आम्ही सातचा भार घेतला. दुर्मीळ ऑक्सिजन-१८ मधला बराचसा भाग यामुळे आम्ही स्वतःहून सोडून देत होतो, आणि स्रोतवाल्या गृहस्थांनी तसे तोंडावर बोलूनही दाखवले. पण स्थिर चालणारा बेताचा बीम हा थांबत-थांबत येणाऱ्या मोठ्या बीमपेक्षा केव्हाही बरा, असे माझे आजही मत आहे.

नेमकी ऊर्जा ठरवणे शेवटासाठी ठेवले होते. ‘पेस’ या संगणक-कार्यक्रमाने किती ऊर्जेला चार, पाच किंवा सहा न्यूट्रॉन जातील याचा अंदाज दिला होता, पण तो काही एमईव्हीने इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून आम्ही आधी बीमची ऊर्जा टप्प्याटप्प्याने बदलून प्रत्येक वेळी थोडा थोडा वर्णपट घेतला. इथे निसर्गाने एक गंमत करून ठेवली आहे. चार न्यूट्रॉन गेले की कॅडमियम-१०८ उरते, सहा गेले की कॅडमियम-१०६, आणि या दोन्ही केंद्रकांच्या सर्वांत खालच्या संक्रमणाचा गॅमा किरण जवळपास तंतोतंत ६३३ केईव्हीचाच (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आहे. वर्णपटात सर्वांत उठून दिसणारे शिखर हेच, आणि ऊर्जा कमी पडते आहे की जास्त होते आहे हे सांगायला तेच निरुपयोगी. त्याच्या वरच्या पायरीवर मात्र दोघे वेगळे होतात: १०८ साठी सुमारे ८७५ केईव्ही, १०६ साठी ८६१. ऊर्जा वाढवत गेलो तसे ८७५ चे शिखर खचत गेले आणि ८६१ चे वर येऊ लागले; दोन्ही जिथे बेताची होती आणि कॅडमियम-१०७ ची स्वतःची शिखरे सर्वांत उंच होती, तिथे, ९० एमईव्हीवर, आम्ही थांबलो.

आमच्यानंतर एका गटाला कॅडमियम-१०८ च्या ऊर्जापातळ्यांचा आराखडा पूर्ण करायचा होता आणि त्यांनी आमची जोडी, कमी ऊर्जेला, वापरण्याचा विचार सांगितला. ऑक्सिजन-१८ चा कॅथोड शिल्लकही होता. पण त्यांना आयुर्माने मोजायची नव्हती, म्हणजे सोन्याचा पत्रा नको होता; आणि पत्राच नसेल तर कार्बनविरुद्ध आमच्याकडे असलेला सर्वांत मोठा आक्षेप उरतच नाही. त्यांना मी कार्बन-१२ आणि मॉलिब्डेनम-१०० सुचवले. त्यांचा प्रस्ताव त्याच जोडीने गेला, आणि स्रोतवाले गृहस्थ त्या आठवड्यात फार खुशीत होते.